आधी ताप मोजा, मग पाईप बदला : सांबऱ्याच्या शिकाऊ विमानांचा उन्हाळा

सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री, निलजी या पट्ट्यातल्या लोकांना छोट्या विमानांची घरघर आता पाठ झाली आहे. एक विमान उडतं, गावावरून फेरी मारून उतरतं, धावपट्टीला चाकं टेकतात न टेकतात तोच पुन्हा उडतं. दिवसभर हेच. शेतात काम करणारा माणूस मान वर करून बघतसुद्धा नाही. बघतात ते आईवडील, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी त्या विमानात बसलेली असते.

२०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या : बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातलं लीलाबारी. बेळगावच्या वाट्याला दोन संस्था आल्या. त्यामुळे पायलट व्हायचं म्हणजे अमेरिका नाहीतर फिलिपाइन्स, ही समजूत सीमाभागात मागे पडली. आपल्याच गावाजवळ शिकता येतं, हे लोकांना कळलं. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्याचा खर्च लाखांत जातो आणि तो भागवायला कुणी कर्ज काढतं, कुणी जमीन विकतं.

मे २०२३ मध्ये सांबऱ्याहून उडालेलं एक शिकाऊ विमान तांत्रिक बिघाडामुळे जवळच्या शेतात उतरवावं लागलं. आतले दोघे बचावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं कोसळली. प्रत्येक घटनेचं कारण वेगळं असतं आणि ते ठरवणं चौकशी यंत्रणेचं काम आहे. या लेखात आपण त्या घटनांचा निवाडा करणार नाही. बोलायचंय ते एका अशा गोष्टीबद्दल, जी रोज, प्रत्येक उड्डाणात घडते आणि जिची बातमी कधीच होत नाही. ती म्हणजे इंजिनाचा ताप.

कळसूबाईच्या माथ्यावरून उड्डाण

सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून २,४८७ फूट उंच आहे. या उंचीवर हवा साधारण १० अंश सेल्सिअस असेल असं धरून विमानाची सगळी गणितं मांडलेली असतात. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे पारा ३६ वर असतो. हवा तापली की विरळ होते. वैमानिक यासाठी एक साधा हिशेब करतात : अपेक्षेपेक्षा जितके अंश जास्त, तितक्या वेळा १२० फूट मिळवायचे. इथे फरक २६ अंशांचा, म्हणजे ३,१२० फूट. ते २,४८७ मध्ये मिळवले की आकडा येतो ५,६०० फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे १,७०० मीटर.

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी सांबऱ्याच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान, इंजिनाच्या दृष्टीने, महाराष्ट्राच्या सर्वात उंच शिखराच्याही वर उभं असतं. धावपट्टी तीच, विमान तेच, पण इंजिनाची ताकद जवळपास सहाव्या हिश्श्याने घटलेली. पंख्याची पकड कमी, पंखांखालची उचल कमी. जळगाव सखल आहे, पण तिथे पारा ४४ वर गेला की तोच हिशेब साडेचार हजार फुटांवर पोचतो. इंदूर पठारावर आहे, तिथेही उन्हाळ्यात हाच मामला.

ताकद कमी होते हे बहुतेकांना माहीत असतं. लक्षात येत नाही ते दुसरं : हीच विरळ, गरम हवा इंजिन थंड ठेवायचं कामही करत असते.

रेडिएटर नसलेलं इंजिन

आपल्याकडच्या शिकाऊ विमानांत सेसना १७२ हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्या अलीकडच्या मॉडेलमध्ये लायकमिंग कंपनीचं १८० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन असतं, जवळपास सहा लिटरचं. म्हणजे त्याचा एकेक सिलिंडर मारुती स्विफ्टच्या अख्ख्या इंजिनाहून मोठा. आणि एवढ्या मोठ्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. जुन्या बुलेटसारखे सिलिंडरवर पंखे, म्हणजे फिन्स. नाकाच्या दोन भोकांतून हवा आत शिरते, सिलिंडरवरून खाली उतरते आणि बाहेर पडते. थोडी गरमी तेल वाहून नेतं. जळलेल्या पेट्रोलातली जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा पंख्याला मिळते. बाकीची उष्णता, आणि तिचा मोठा वाटा एक्झॉस्टमधून.

हवा आपोआप खाली उतरत नाही. इंजिनाभोवती पत्र्याचे आडोसे असतात आणि त्यांच्या कडेला रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी. ती पट्टी वरच्या झाकणाला घट्ट चिकटून राहिली पाहिजे. एखाद्या ठिकाणी दुमडली, फाटली, बोटभर फट पडली, की हवा सोपी वाट धरते आणि सिलिंडरला वळसा घालून निघून जाते. पट्टीची किंमत किरकोळ. पण ती ढिली असलेल्या विमानात एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त तापू शकतो, आणि जुन्या विमानात एकच सेन्सर असेल तर तो नेमका दुसऱ्याच सिलिंडरवर बसवलेला असायचा. मग घड्याळात सगळं आलबेल दिसतं.

दोन तापमानं, दोन अर्थ

इथे दोन आकडे ओळखून घेऊ. एक सिलिंडर हेडचं तापमान, ज्याला वैमानिक सीएचटी म्हणतात. दुसरं एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं, म्हणजे ईजीटी.

सीएचटी म्हणजे धातू स्वतः किती तापलाय. लायकमिंगच्या या इंजिनांना कमाल मर्यादा ५०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस. पण मर्यादा म्हणजे तिथपर्यंत नेऊन ठेवायची जागा नव्हे. इंजिन टिकायचं असेल तर जोरात क्रूझ करताना ४३५ फॅरेनहाइटच्या आत आणि काटकसरीच्या क्रूझमध्ये ४०० च्या आत ठेवा, असं खुद्द कंपनीच सांगते. सेल्सिअसमध्ये हे अनुक्रमे २२४ आणि २०४. कारण हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि या तापमानाच्या वर त्याची ताकद भराभर उतरते. भेगा पडतात, व्हॉल्व्हची बैठक ढिली होते. हे एका दिवसात होत नाही, शंभर-दोनशे तासांनी दिसतं. तोवर विमान कुणाच्या तरी हातात असतं.

ईजीटीचा आकडा मोठा असतो, ७०० ते ८०० सेल्सिअस, आणि नवशिके त्यालाच घाबरतात. पण बिनटर्बोच्या इंजिनात ईजीटीचा उपयोग मुख्यतः तुलनेसाठी. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बदललं की ईजीटी चढतं, एका टोकाला पोचतं आणि मग उतरतं. त्या टोकाच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आपण आहोत, यावरून मिश्रण कसं आहे ते कळतं. गंमत अशी, की सिलिंडर हेड सर्वात जास्त तापतं ते ईजीटीच्या टोकावर नव्हे, तर टोकाच्या किंचित अलीकडे, जरा जास्त पेट्रोलच्या बाजूला. म्हणून पेट्रोल वाचवायला मिश्रण थोडंसंच कमी करून थांबणारा माणूस नकळत इंजिनाला सर्वात गरम जागी नेऊन ठेवतो.

आणखी एक खूण : सगळे सिलिंडर शांत आणि एकाचंच सीएचटी झपझप वर चाललंय, तर ते उन्हामुळे नाही. आत स्फोटासारखं वेडंवाकडं ज्वलन सुरू असण्याची शक्यता असते. तिथे हातात वेळ मिनिटांचाच.

शिकाऊ विमानाचा दिवस

प्रवासी वैमानिक एकदा चढतो आणि दोन तास सरळ जातो. शिकाऊ विमान तासाभरात सात-आठ वेळा पूर्ण ताकदीने चढतं. वेग कमी, नाक वर, म्हणजे आत शिरणारी हवा कमी आणि गरमी सर्वाधिक. मग उतरताना ताकद काढलेली, इंजिन गार. पुन्हा पूर्ण ताकद. मधे टॅक्सीवेवर उन्हात रांगेत उभं राहणं, जिथे हवेचा झोत जवळपास नसतोच.

यावर उपाय आहेत, आणि ते फुकट आहेत. चढताना नाक जरा खाली ठेवून वेग वाढवणं. जमिनीवर विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभं करणं. तेलाचं तापमान वर गेलं तर पुढची फेरी सोडून देणं. उन्हाळ्यात अशी उड्डाणं सकाळी सात ते दहा या वेळात उरकणं. प्रत्येक प्रशिक्षकाला हे माहीत असतं. पण विमानं मोजकी, विद्यार्थी जास्त, प्रत्येकाला तास पुरे करायचेत आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते व्हायला हवेत. दुपारचा दीड वाजताचा स्लॉट तेव्हा सोडवत नाही.

मिश्रणाचा पेच तर खास आपल्या भागाचा. चढताना पेट्रोल भरपूर ठेवावं, म्हणजे जास्तीचं पेट्रोल ज्वलनाचा जोर मवाळ करून हेड गार ठेवतं, हा नियम. पण हवा विरळ असेल तर भरपूर पेट्रोल म्हणजे गुदमरलेलं इंजिन आणि आधीच घटलेली ताकद आणखी कमी. सेसना १७२ च्या पुस्तकात ३,००० फुटांपेक्षा उंच धावपट्टीवर उड्डाणाआधी मिश्रण कमी करून घ्या, असं लिहिलंय. सांबरा २,४८७ फुटांवर. पुस्तकाच्या अक्षरानुसार नियम लागू नाही, पण मे महिन्याच्या दुपारी इंजिनाला ५,६०० फूट जाणवतात. अशा वेळी काय करायचं हे विद्यार्थ्याच्या अंदाजावर सोडून चालत नाही. संस्थेने विमानाच्या पुस्तकाला धरून लेखी पद्धत ठरवून दिली पाहिजे.

सायलेन्सर बदलायची हौस

बुलेट घेतली की पहिल्या आठवड्यात सायलेन्सर बदलायचा, ही हौस आपल्याकडे नवी नाही. छोट्या विमानांच्या जगातही ती आहे, फक्त तिथे तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे.

मूळ विमानात चारही सिलिंडरचे आखूड पाईप येऊन एका मफलरमध्ये शिरतात. एका सिलिंडरचा धूर बाहेर पडताना दुसऱ्याच्या वाटेत येतो, मागे दाब राहतो. ट्यून केलेल्या एक्झॉस्टमध्ये चारही पाईप मोजून, जवळपास सारख्या लांबीचे करून एका ठिकाणी आणतात. मग एकाचा बाहेर पडणारा झोत मागे ओढ निर्माण करतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर खेचून काढतो. जळलेला वायू पुरता बाहेर गेला की ताजी हवा जास्त आत येते. अमेरिकेत फ्लोरिडातली पॉवर फ्लो सिस्टम्स ही कंपनी सेसना १७२ सारख्या विमानांसाठी असे मंजूर संच विकते आणि मालक ते आवडीने बसवतात. कळसूबाईच्या उंचीवर गेलेली ताकद थोडी परत मिळत असेल, तर आपल्याकडेही कुणाला मोह होणं स्वाभाविक आहे.

पण ताकद फुकट येत नाही. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि दोन्ही मिळून जास्त उष्णता. ज्या इंजिनाची हवेची पट्टी फाटलेली आहे, ज्याला एकच सेन्सर आहे, त्याला जास्त ताकद देणं म्हणजे ताप मोजल्याशिवाय तालमीला पाठवणं. लांब पाईप झाकणाखाली जास्त जागा तापवतात, शेजारच्या तारा आणि रबरी नळ्या भाजतात. सेन्सरची जागा बदलली की जुने आकडे तुलनेला उरत नाहीत.

काहीजण पाईपांना उष्णतारोधक पट्टा गुंडाळतात, मोटरसायकलला करतात तसा. त्याने झाकणाखालची गरमी कमी होते खरी, पण गरमी पाईपच्या पत्र्यातच कोंडली जाते, पत्रा लवकर खातो आणि पडलेली भेग पट्ट्याखाली लपून राहते. विमानात लपलेल्या भेगेइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

परवाना असलेल्या विमानावर असा कोणताही बदल गॅरेजच्या मर्जीने करता येत नाही. त्या मॉडेलसाठी मंजूर आराखडा लागतो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची मान्यता लागते आणि परवानाधारक अभियंत्याची सही लागते. ही कटकट वाटते, पण तिला कारण आहे.

भेग, हीटर आणि एक फुटबॉलपटू

बऱ्याच छोट्या विमानांत केबिनचा हीटर म्हणजे मफलरभोवती बसवलेलं पत्र्याचं कवच. मफलरच्या गरम अंगावरून हवा फिरते आणि केबिनमध्ये येते. मफलरला भेग पडली तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झापड येते, निर्णय चुकतो, आणि माणसाला वाटतं ऊन लागलं किंवा जेवण जड झालं.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नॉन्तहून वेल्समधल्या कार्डिफला निघाला होता. एका इंजिनाचं पायपर मालिबू विमान गर्न्सी बेटाजवळ समुद्रात कोसळलं. सालाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं सापडलं. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या अपघात चौकशी विभागाने अहवाल दिला. त्यात इतरही गंभीर त्रुटी होत्या, वैमानिकाकडे रात्रीच्या उड्डाणाची पात्रता नव्हती. पण वैमानिकावरही बहुधा या वायूचा परिणाम झाला होता आणि विमानात इशारा देणारं यंत्र नव्हतं, हे अहवालाने स्पष्ट नोंदवलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातले असे ३१ अपघात शोधून काढले. २३ जीवघेणे होते, ४२ माणसं गेली. या ३१ पैकी फक्त एका विमानात वायू ओळखणारं साधन होतं, आणि तेही आवाज करून जागं करणारं नव्हतं. २०२२ मध्ये मंडळाने अशी यंत्रं सक्तीची करा, अशी शिफारस केली.

‘आपल्याकडे हीटर लावतो कोण?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. बेळगावच्या डिसेंबरच्या पहाटे, इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत, सात-आठ हजार फुटांवर लावतातच. आणि हीटर बंद असला तरी वायू इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या फटीतून, दाराच्या जुन्या रबरातून आत येऊ शकतो.

टर्बो इंजिनांत एक्झॉस्टचा प्रश्न आणखी धारदार होतो. तिथे टर्बो आणि मागचा पाईप यांना जोडणारा एक पट्टा असतो. तो तुटला तर आगीइतका गरम झोत थेट इंजिनाच्या खोलीत सुटतो. वारंवार अपघात झाल्यावर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०२३ मध्ये आदेश काढला : ठरावीक बनावटीचे, स्पॉट वेल्डिंगचे असे पट्टे ५०० तासांनंतर बदलायचेच. साधे शिकाऊ विमान टर्बोचं नसतं, पण धडा सगळ्यांना लागू आहे. एक्झॉस्ट हा ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणायचा भाग नाही.

साबणाचं पाणी आणि पेन्सिल

चांगला मेकॅनिक एक्झॉस्ट कसा तपासतो? मागून पाईपमध्ये कमी दाबाने हवा भरतो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडतो. बुडबुडे आले की गळती. सायकलच्या पंक्चरसारखंच. नुसत्या नजरेलाही खुणा दिसतात : सांध्याजवळ राखाडी-पांढरट भुकटी किंवा तपकिरी डाग म्हणजे तिथून वायू निसटतोय. रोटॅक्स इंजिनाच्या हलक्या विमानांत पाईप गोलाकार सांध्यांवर स्प्रिंगने धरलेले असतात. तिथे प्रत्येक स्प्रिंग जागेवर आहे का, तार बांधलेली आहे का, हे उड्डाणाआधी वाकून बघायचं काम विद्यार्थ्याचंही आहे.

आणि एक बारीक नियम, जो सुतारकाम केलेल्या माणसाला विचित्र वाटेल : एक्झॉस्टच्या पाईपवर साध्या पेन्सिलीने खूण करायची नाही, जस्ताचा मुलामा असलेलं अवजार लावायचं नाही. पाईप तापला की ती खूण धातूत मुरते आणि नेमकी तिथेच भेग पडते. पेन्सिलीची एक रेघ भारी पडावी, इतक्या काठावर हा पत्रा काम करत असतो.

वडोदऱ्याचं पेट्रोल

या गोष्टीत आपल्या मराठी वस्तीच्या आणखी एका शहराचा वाटा आहे. या इंजिनांना पेट्रोलपंपावरचं पेट्रोल चालत नाही (रोटॅक्ससारखे अपवाद सोडून), त्यांना एव्हगॅस १०० एलएल लागतं. ते आपण वर्षानुवर्षं परदेशातून आणत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवून बाजारात आणलं, आणि ते बनतं वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत. प्रशिक्षण संस्थांसाठी ही मोठी सोय झाली.

पण या इंधनात शिसं असतं, लिटरला जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. शिसं वेडंवाकडं ज्वलन थांबवतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झीज होऊ देत नाही. दुसरीकडे ते विषारी, आणि जमिनीवर मंद चालणाऱ्या इंजिनात स्पार्क प्लगवर त्याची पुटं चढतात. अमेरिका २०३० पर्यंत शिसं बंद करायच्या प्रयत्नात आहे. तिथल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाने, ज्यांच्याकडे शिकाऊ विमानांचा मोठा ताफा आहे, २०२३ मध्ये बिनशिशाचं इंधन वापरून पाहिलं. काही महिन्यांतच व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्याचं तपासणीत दिसलं आणि ऑक्टोबरमध्ये ते जुन्या इंधनाकडे परतले.

झीज दिसली, कारण ते मोजत होते. मोजत नसते तर ती एखाद्या शेतातच कळली असती. उद्या आपल्याकडे बिनशिशाचं इंधन येईल तेव्हा हाच प्रश्न उभा राहील : आपल्या संस्थांकडे मोजायची सवय आहे का?

पहिला रुपया कुठे?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या हवामानात, आपल्या उंचीवर, शिकाऊ विमानाला जास्त ताकदीआधी जास्त नजर हवी. पहिला रुपया प्रत्येक सिलिंडरचं तापमान दाखवणाऱ्या यंत्रावर जावा. दुसरा, आवाज करून जागं करणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या इशारा-यंत्रावर. रंग बदलणारं चिकट कार्ड नव्हे, ते कुणी बघत नाही आणि काही महिन्यांत निकामी होतं. तिसरा रुपया रबरी पट्ट्या आणि एक्झॉस्टच्या वेळेवर तपासणीवर. हे सगळं जागेवर असेल तर मग चौथा रुपया ट्यून केलेल्या पाईपवर खुशाल घाला. काचेच्या पडद्यांच्या नव्या विमानांत यातलं बरंच काही मुळातच येतं. अडचण जुन्या विमानांची आहे, आणि तास भरायला तीच जास्त उडतात.

डीजीसीएने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली प्रतवारी जाहीर केली. सर्वात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. प्रतवारी चांगली गोष्ट आहे, पण पालकाला श्रेणीचं अक्षर पुरत नाही. फी भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा, आणि नम्रपणे, पण लेखी उत्तर मागा :

१. ज्या विमानांत आमचं मूल उडणार, त्यांत चारही सिलिंडरचं तापमान दिसतं का, आणि त्या नोंदी उड्डाणानंतर कुणी तपासतं का?

२. कार्बन मोनॉक्साइडचा आवाजी इशारा आहे का?

३. एक्झॉस्ट आणि हीटरच्या कवचाची दाब देऊन तपासणी शेवटची कधी झाली?

४. उन्हाळ्यात किती तापमानानंतर फेऱ्यांचं उड्डाण थांबतं, हे लिहून ठेवलंय का?

५. विद्यार्थ्याने ‘तापमान जास्त वाटतंय’ म्हणून उड्डाण सोडलं, तर त्या तासाचे पैसे कापले जातात का?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. कारण विमानातली सगळी यंत्रं शेवटी एका एकोणीस वर्षांच्या पोराला काहीतरी सांगत असतात. त्याने ते ऐकून थ्रॉटल मागे घ्यायचा की बापाने विकलेल्या जमिनीचा हिशेब आठवून पुढे जायचं, हे त्या फीच्या नियमावर ठरतं. घाटात गाडी तापली की आपण चोर्ल्यात बाजूला उभं राहतो, बॉनेट उघडतो, बाटलीतलं पाणी ओततो. आकाशात बाजूला उभं राहायला जागा नाही. म्हणून ताप जमिनीवरच मोजायचा असतो.